दर थंडीत थर्मोस्टॅट का जातो? धुळीच्या सामायिक वर्कशॉपसाठी समस्या निवारण

ग्वाल्हेरात तानसेन समारोह भरतो त्या सुमारास, म्हणजे डिसेंबरात, थंडी अंगाला लागू लागते. जानेवारीच्या धुक्यात सकाळचा पारा पाच-सहा अंशांवर, कधी त्याहून खालीही असतो. सरस लवकर धरत नाही, पॉलिशवर पांढरट झाक येते, बोटं आखडतात. मग वर्कशॉपमधले हीटर बाहेर निघतात आणि थोड्याच दिवसांत तीच तक्रार सुरू होते: थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान पाहून हीटर चालू-बंद करणारा भाग, गेला. नवा बसवला जातो, पुढे तोही जातो.

एकाच छपराखाली सुतारकाम, दगडाचं कोरीव काम आणि ग्राइंडिंग-वेल्डिंग चालतं अशा जागांमध्ये हे जास्त होतं. तिथे धूळ तीन प्रकारची असते आणि तिघींचं वागणं वेगळं असतं. लाकडाचा बारीक भुसा जाळी चोंदवतो आणि पॉइंटच्या (थर्मोस्टॅटमध्ये एकमेकांना टेकून वीज जोडणारी-तोडणारी धातूची टोकं) ठिणगीत जळून कोळसा होतो. आपल्याकडच्या वाळूच्या दगडाची भुकटी कठीण असते, तिच्यातून वीज जात नाही. दोन पॉइंटच्या मध्ये एक कण अडकला तरी पॉइंट नीट टेकत नाहीत. लोखंडाचा कीस वीज वाहतो आणि चुंबकालाही चिकटतो. यातली कोणती धूळ तुमच्या हीटरच्या वाट्याला येते, यावर बिघाड कुठे शोधायचा ते ठरतं.

थर्मोस्टॅट नुसता बदलून हा त्रास मिटत नाही. तापमान जिथे मोजलं जातं ती जागा आणि वीज जिथे जोडली-तोडली जाते ती जागा या दोन्ही धुळीत, एकाच डबीत, हीटरच्याच पोटात असतात. त्या वेगळ्या केल्या की बहुतेक त्रास संपतो. पण ते करण्याआधी सध्याचा बिघाड नेमका ओळखावा लागतो.

उघडण्याआधी

बटण बंद करणं पुरेसं नाही. सामायिक जागेत दुसरा कुणीतरी सहज येऊन ते चालू करतो. प्लग काढा आणि तो तुमच्या नजरेसमोर राहील असा ठेवा. हीटर किमान २० मिनिटं गार होऊ द्या. ऑइलचा रेडिएटर असेल तर तास-दीड तास लागतो.

एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर किंवा थिनरचा स्प्रे चालू असेल त्या खोलीत हीटर लावूच नका. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते, आणि हीटर जमिनीवरच ठेवलेला असतो. तापलेली कॉइल तर धोक्याची आहेच, पण थर्मोस्टॅटचा पॉइंट तुटताना उडणारी ठिणगीही पुरेशी असते. स्प्रे संपून, दारं-खिडक्या उघडून, वास पूर्ण जाईपर्यंत थांबा.

आणि एक गोष्ट ठामपणे: थर्मोस्टॅट किंवा कटआउट (हीटर फाजील तापल्यावर वीज तोडणारा भाग) काढून तारा "डायरेक्ट" करायच्या नाहीत, "तात्पुरत्या"ही नाहीत. साचलेला भुसा ज्योत न दाखवता आतल्या आत धुमसत राहतो आणि आग शटर बंद करून सगळे घरी गेल्यावर लागते.

थर्मोस्टॅट की कटआउट?

ब्लोअर हीटरमध्ये तापमानावर चालणारे सहसा तीन भाग असतात. पहिला म्हणजे बटणाने फिरणारा थर्मोस्टॅट: दोन धातूंची जोडपट्टी, जी खोलीच्या हवेच्या तापमानाने वाकते. दुसरा, कॉइलजवळची छोटी गोल चकती किंवा पट्टी, म्हणजे कटआउट. हीटर फाजील तापला की ती वीज तोडते, गार झाला की पुन्हा जोडते. तिसरा थर्मल फ्यूज. तो एकदाच उडतो, परत जुळत नाही. "थर्मोस्टॅट गेला" म्हणून आलेल्या हीटरमध्ये प्रत्यक्षात बहुतेक वेळा कटआउट आपलं काम चोख करत असतो.

फरक असा ओळखा. गार खोलीत थर्मोस्टॅट पूर्ण वर करून हीटर चालू करा. खोली अजून गारच आहे आणि तरी हीटर दोन ते पाच मिनिटांत बंद पडून काही वेळाने आपोआप चालू झाला, तर तो कटआउट आहे. दुसरी परीक्षा प्लग काढून करायची: बटण सगळ्यात खालून वरपर्यंत हळू फिरवा. वाटेत एकदाच, खोलीच्या तापमानाच्या आसपास, स्वच्छ "टक" ऐकू यायला हवी. टक येते, आणि टक झाल्यावर मल्टिमीटर थर्मोस्टॅटच्या दोन टोकांत अर्ध्या ओहमहून कमी दाखवतो, तर पट्टी आणि पॉइंट प्राथमिक परीक्षेत पास. मीटरच्या तारांचाच ०.२ ते ०.३ ओहम असतो, तो आधी टोकं एकमेकांना लावून पाहून वजा करा.

चालू होतो, पाच मिनिटांत बंद पडतो

हवेची वाट बंद झाली आहे. मागची जाळी वरून साफ दिसते, म्हणून फसगत होते. जाळी काढा आणि पंख्याच्या पात्यांच्या पुढच्या कडा पाहा. तिथे भुशाचा नमद्यासारखा थर बसलेला असतो. दोन मिलिमीटरचा थर पात्याचा आकार बिघडवायला पुरे होतो. पंखा फिरतो, आवाजही नेहमीसारखा येतो, हवा मात्र निम्मी.

साफसफाईला कंप्रेसरची नळी वापरू नका. सहा-सात बारच्या झोताने धूळ बाहेर कमी आणि थर्मोस्टॅटच्या डबीत, मोटरच्या बुशात जास्त जाते. शिवाय कंप्रेसरच्या हवेत पाणी आणि तेल असतं, ते पॉइंटवर बसतं. व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड जवळ धरा आणि एक इंची मऊ रंगाच्या ब्रशने धूळ त्या तोंडाकडे ढकला. पाती, कॉइलची अभ्रकाची चौकट, कटआउटची चकती, या क्रमाने. कॉइलच्या तारेला ब्रशचा दांडा लागू देऊ नका. वापरलेली नायक्रोम तार ठिसूळ झालेली असते. दगडाची भुकटी असेल तर एन ९५ मास्क घाला. वाळूच्या दगडातली सिलिका फुप्फुसात गेली की परत निघत नाही.

पंखा हाताने फिरवून पाहा, तो सोडल्यावर दोन-तीन फेरे सहज घ्यायला हवा. जड फिरत असेल तर बुश कोरडी पडली आहे. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब शाफ्टच्या टोकाला द्या, दोन नाही. जादा तेल उडून कॉइलवर जातं आणि त्यावर धूळ चिकटते.

इतकं करूनही कटआउट लवकर तुटत असेल तर तो थकला आहे. चोंदलेल्या हीटरमध्ये दिवसभर तुटत-जुळत राहिलेली चकती आपल्या नेमलेल्या तापमानाखालीच तुटू लागते. चकतीवर तापमान आणि अँपिअर छापलेले असतात. त्याच तापमानाची, १० अँपिअरऐवजी शक्यतो १६ अँपिअरची चकती बसवा. तापमानाचा अंक वाढवून घ्यायचा नाही. थर्मल फ्यूज बदलायचा तर तो झाळू नका, झाळण्याच्या उष्णतेनेच उडेल. क्रिंप स्लीव्हने दाबून जोडा.

सारखा टक-टक, आणि खोली गारच

इथे थर्मोस्टॅटला खोलीची हवा मिळत नाही, हीटरचीच मिळते. त्याच्या डबीला बाहेरची हवा येण्यासाठी तळाशी किंवा बाजूला दोन-तीन चिरा असतात. त्या भुशाने बुजल्या की जोडपट्टी कॉइलच्या उष्णतेने वाकते आणि खोली १२ अंशांवर असताना २५ झाल्याचं समजून वीज तोडते. ऑइल रेडिएटरमध्ये ही डबी जमिनीपासून वीतभर उंचीवर असते, झाडूने उडालेली सगळी धूळ थेट तिथे जाते.

चिरा ब्रशने मोकळ्या करा. रेडिएटर जमिनीवर न ठेवता १५ सेंटीमीटर उंचीच्या पक्क्या लोखंडी चौकटीवर ठेवला तर हा त्रास बराच कमी होतो. भिंतीपासून ३० सेंटीमीटर आणि लाकडाच्या ढिगापासून किमान एक मीटर अंतर राखा. कट-ऑफ मशीनच्या ठिणग्या चार-पाच मीटर जातात, त्या रेषेत हीटर नको.

चालूच होत नाही

आधी सॉकेट पाहा. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर घेतो. तो १६ अँपिअरच्याच सॉकेटला लागतो. ६ अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावलेला असेल तर बोर्डाचं पितळ जळून ढिलं झालेलं सापडेल आणि हीटर निर्दोष निघेल.

सॉकेट ठीक असेल तर प्लगच्या दोन सारख्या पिनांमध्ये (तिसरी, सगळ्यात जाड पिन अर्थिंगची असते), बटणं चालू स्थितीत ठेवून, ओहम मोजा. २००० वॅटला सुमारे २६ ओहम, १००० वॅटला सुमारे ५३ ओहम यायला हवेत. काहीच येत नसेल तर कॉइल, थर्मल फ्यूज, कटआउट, थर्मोस्टॅट, निवडीचं बटण असे एकेक भाग मोजत या.

थर्मोस्टॅट दोषी ठरला तर डबी उघडून भिंगाने पॉइंट पाहा. लोखंडाचं काम चालतं तिथे एक खास बिघाड सापडतो. बऱ्याच थर्मोस्टॅटमध्ये पॉइंट झटक्यात जुळावेत म्हणून नखाएवढा चुंबक असतो. ग्राइंडरचा कीस हवेतून येऊन त्याच्या कडेवर उभा राहतो, काटेरी, काळपट-तपकिरी लव असल्यासारखा. ती लव मधे आली की पट्टी चुंबकापर्यंत पोहोचत नाही. पॉइंट कधी अर्धवट टेकतात, थरथरतात, कधी टेकतच नाहीत. आपलं काम म्हणजे त्या चुंबकाला त्याचं अंतर परत मिळवून देणं. फुंकर मारून कीस जात नाही, तो फक्त चुंबकाच्या दुसऱ्या बाजूला सरकतो. टूथपिकवर चिकटपट्टी उलटी, चिकट बाजू बाहेर ठेवून गुंडाळा आणि कीस टिपून घ्या. पट्टी बदलत राहा. ती स्वच्छ निघेपर्यंत हे करायचं.

मग पॉइंट. ते चांदी मिश्रधातूचे असतात, त्यांचा नुसता काळपटपणा चालतो. घासायचा असतो तो कोळसा आणि कण. जाड कोऱ्या कागदाची आठ मिलिमीटर रुंद पट्टी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओली करा, दोन पॉइंटच्या मधे घाला, पॉइंट हलके मिटू द्या आणि पट्टी ओढून काढा. असं चार-पाच वेळा, नवी जागा वापरत. मग एकदा कोरडी पट्टी. पॉलिश पेपर किंवा कानस लावली तर चांदीचा पातळ थर जातो, खालचं तांबं उघडं पडतं आणि पुढच्या थंडीत हा पॉइंट जळणार हे नक्की. गंज सोडवायचे तेलकट स्प्रेही नकोत. तेलावर धूळ बसते आणि ठिणगीने दोन्हींचा कोळसा होतो. अल्कोहोल पूर्ण उडेपर्यंत, म्हणजे किमान अर्धा तास, प्लग लावायचा नाही.

सिलिकॉनबद्दल थोडं, कारण हे फार कमी जणांना माहीत असतं. सिलिकॉन सीलंट किंवा सिलिकॉनचा पॉलिश-स्प्रे यांची वाफ पॉइंटच्या ठिणगीत जळली की काचेसारखा, वीज न वाहणारा थर पॉइंटवर बसतो. तो पुसून जात नाही. धूळ जाऊ नये म्हणून थर्मोस्टॅटची डबी सिलिकॉनने बंद करणारे, धुळीहून वाईट गोष्ट आत कोंडतात.

डबीवरचा रंगाने बंद केलेला छोटा स्क्रू तापमान जुळवणीचा असतो. त्याला हात लावू नका. पट्टी पक्कडीने वाकवून "जवळ आणणं" तर त्याहून नको.

बंदच होत नाही

आधी हे ठरवा की बिघाड खरोखर आहे का. ६ बाय ९ मीटरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बाहेरपेक्षा १० अंश जास्त तापमान ठेवायचं म्हटलं तर निव्वळ छपराच्या पत्र्यातून साडेतीन ते चार किलोवॅट उष्णता निघून जाते. भिंती आणि शटर वेगळेच. तिथे २ किलोवॅटचा हीटर कधीच बंद होणार नाही, आणि त्यात थर्मोस्टॅटचा दोष नाही. व्होल्टेज पडलं तर आणखी वाईट: २०० व्होल्टवर तोच हीटर १५०० वॅटच देतो. अशा जागी एक कोपरा ताडपत्रीने किंवा प्लायने आडोसा करून तेवढाच तापवा. क्वार्ट्झ रॉडचे हीटर हवा नाही, माणूस तापवतात, त्यामुळे हवेच्या थर्मोस्टॅटला त्यांच्याशी देणं-घेणं नसतं.

बटण पूर्ण खाली आणूनही वीज तुटत नसेल तर पॉइंट चिकटले आहेत. चाकूने सोडवलेले पॉइंट पुन्हा चिकटतात, कारण त्यांचा पृष्ठभाग वितळून खडबडीत झालेला असतो. असा थर्मोस्टॅट कचऱ्यात टाका.

सरसाचं भांडं, वॅक्सचं भांडं, छोटी भट्टी यांच्यात पातळ तांब्याची नळी आणि टोकाला फुगा असलेला कॅपिलरी थर्मोस्टॅट असतो. फुग्यातला द्रव फुगून पॉइंट तोडतो. नळीला बारीक चीर गेली की द्रव निघून जातो आणि मग साध्या प्रकारचा थर्मोस्टॅट तापमान कितीही वाढलं तरी वीज तोडत नाही. म्हणजे हा बिघाड नेमका धोक्याच्या बाजूला होतो. म्हणून अशा प्रत्येक भांड्याला वेगळा, हाताने दाबून परत जुळवायचा कटआउट हवाच. नळी काटकोनात मोडू नका, बोटाभोवती फिरेल इतका गोलवा ठेवा आणि फुगा भांड्याच्या पृष्ठभागाला क्लिपने घट्ट टेकवा. फुग्यावर सरसाचं कवच चढलं असेल तर तापमान उशिरा पोहोचतं आणि सरस करपतो. कोमट पाण्यात भिजवून कवच काढा, खरवडू नका.

टर्मिनल तपकिरी झालं असेल तर

ही खूण पाहिली की बाकी सगळं थांबवा. ०.१ ओहमची ढिली जोडणी ८.७ अँपिअरला साडेसात वॅट उष्णता देते, तीही हरभऱ्याएवढ्या जागेत. प्लास्टिक आधी पिवळं, मग तपकिरी होतं आणि उष्णता शेजारच्या जोडपट्टीला जाऊन थर्मोस्टॅट लवकर तुटू लागतो. अशा वेळी थर्मोस्टॅट बदलणारा जुनाच लग (तारेच्या टोकाला दाबलेली धातूची टोपी) नव्या टर्मिनलवर चढवतो. तो निळसर, मऊ पडलेला लग पुन्हा ढिला होतो आणि नवा थर्मोस्टॅटही जळतो. "बदलला तरी गेला" याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे. तार चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापा, नवा लग क्रिंपिंगच्या पक्कडीने दाबा आणि हाताने जोरात ओढून पाहा. हीटरच्या आत उष्णता सोसणारीच तार वापरा, म्हणजे सिलिकॉन रबर किंवा फायबर ग्लासच्या वेष्टनाची, १.५ चौरस मिमीची. साधी पीव्हीसी तार तिथे टिकत नाही.

कायमची व्यवस्था

ऑइल रेडिएटरसाठी किंवा पक्क्या बसवलेल्या हीटरसाठी बाहेरचा नियंत्रक लावा. ब्लोअरला ही रीत लावू नका: मुख्य वीज अचानक तुटली की पंखा थांबतो, कॉइलची उरलेली उष्णता आतच कोंडते आणि कटआउट प्रत्येक वेळी तुटतो. तसंही धुळीच्या वर्कशॉपला ब्लोअर सगळ्यात गैरसोयीचा, कारण तो धूळ ओढून लाल कॉइलवरूनच फिरवतो. रेडिएटर उशिरा तापतो, पण टिकतो.

एका २००० वॅटच्या रेडिएटरला हे सामान लागतं:

- डिजिटल तापमान नियंत्रक, २३० व्होल्ट, १० किलोओहमच्या एनटीसी (तापमान वाढलं की ओहम कमी होणाऱ्या) सेन्सरसह: १
- दोन पोलचा कॉन्टॅक्टर (मोठा भार जोडणारा-तोडणारा, विजेने चालणारा स्विच), २३० व्होल्ट कॉइल, एसी-१ (हीटरसारख्या भाराच्या) वर्गात २५ अँपिअर: १
- दोन पोलचा एमसीबी (भार फाजील झाला की वीज तोडणारा) १६ अँपिअर आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा): प्रत्येकी १
- आयपी ६५ ची (धूळ आणि पाण्याचा झोत आत न जाणारी) प्लास्टिक पेटी, सगळं सामान मोकळं बसेल अशी, आणि ३ केबल ग्लँड (तार घट्ट धरून भोक बंद करणारे)
- १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर (विजेचा झटका शोषणारा): १
- २.५ चौरस मिमीची तांब्याची तार, अंतरानुसार

नियंत्रकाच्या रिलेवर (आतला छोटा, विजेने चालणारा स्विच) १० अँपिअर लिहिलेलं असतं म्हणून ८.७ अँपिअरचा हीटर थेट त्यावर घालू नका. व्होल्टेज २५० झालं की हीटर साडेनऊ अँपिअर घेतो. रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवायची, हीटरचा भार कॉन्टॅक्टरने घ्यायचा. स्नबर कॉन्टॅक्टरच्या कॉइलला समांतर लावा, नाहीतर कॉइल सुटतानाच्या झटक्याने रिलेचे पॉइंट लवकर खराब होतात. सॉलिड स्टेट रिलेचा (हलत्या पॉइंटशिवायच्या इलेक्ट्रॉनिक रिलेचा) मोह इथे टाळा. तो बिघडतो तेव्हा बहुधा चालू स्थितीतच अडकतो आणि बंद पेटीत त्याला गारवा मिळत नाही.

पेटी धुळीच्या भागाबाहेर, ऑफिसच्या किंवा दाराच्या भिंतीवर लावा. ग्लँड खालच्या बाजूला असू द्या. वरून तार घेतली की धूळ आणि पाणी तिच्यासोबत येतात. रेडिएटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट पूर्ण वर ठेवा, तो आता नुसता राखणदार. त्याचा कटआउट जागेवरच राहील.

सेन्सर खोलीत: आतल्या भिंतीवर, जमिनीपासून १.२ ते १.५ मीटर, शटरपासून दोन मीटर दूर, उन्हाची तिरीप येणार नाही अशा जागी. भिंतीला चिकटवू नका, एक सेंटीमीटरचा ठोकळा मधे ठेवा, नाहीतर तो हवेऐवजी भिंत मोजतो. त्याभोवती फोम गुंडाळू नका, फोम आठवड्यात भरतो. स्टीलची उघडी नळी आणि दर शनिवारी कोरडं फडकं, एवढंच पुरतं. सेन्सरची तार हीटरच्या तारेपासून १५ सेंटीमीटर दूर न्या.

सेन्सर तपासायचा तर नियंत्रकापासून सोडवून ओहम मोजा: बर्फाच्या पाण्यात सेन्सरच्या प्रकारानुसार सुमारे २८ ते ३३ किलोओहम, २० अंशांना १२, २५ अंशांना १०, ३० अंशांना ८ च्या थोडं वर. धुक्याच्या दिवसांत एक फसवा दोष येतो. तारेच्या उघड्या जोडावर दमट धूळ बसली की तिच्यातून थोडी वीज झिरपते आणि ओहम कमी दिसतात. १०० किलोओहमची गळती असली तर २० अंशांची खोली २३ अंश दिसते. म्हणजे आकडा पाहून सगळे खूश आणि खोली गार. जोड झाळून हीट श्रिंक नळी चढवा, तीही आत चिकट थर असलेली.

फरक २ अंश ठेवा: १८ ला बंद, १६ ला चालू. नियंत्रकात किमान थांबण्याची वेळ देता येत असेल तर ३ मिनिटं द्या. अशा छोट्या रिलेचं आयुष्य भार असताना साधारण एक लाख जोड-तोडींचं धरतात. फरक अर्ध्या अंशाचा ठेवून दर दोन मिनिटांनी रिले तुटू-जुळू लागला तर दहा तासांत ३०० वेळा होतं. दोन अंशांचा फरक त्याला कित्येक पट जगवतो.

बटण कुणाच्या हातात?

सामायिक जागेचा हा खरा प्रश्न. सकाळी पहिला येणारा थंडीने कुडकुडत बटण ३० वर नेतो, कारण त्याला वाटतं लवकर तापेल. हीटर १८ ला ठेवला काय नि ३० ला ठेवला काय, तितक्याच वॅटने तापतो, फक्त नंतर थांबत नाही. दुपारी दुसरा उकडतं म्हणून थेट सॉकेटवरून बंद करतो. ब्लोअर असा तापलेला बंद केला की उरलेल्या उष्णतेने कटआउट तुटतो, मग तिसरा म्हणतो, बिघडला.

नियंत्रकाची सेटिंग लॉक करा आणि बदलण्याचा अधिकार एकालाच द्या. पेटीवर कायमच्या मार्करने "१८ अंश" लिहा. ब्लोअरवर लिहा: आधी हीटचं बटण बंद, दोन मिनिटं नुसता पंखा, मग प्लग. झाडलोट हीटर चालू असताना नको. झाडू मारल्यावर बारीक धूळ बराच वेळ हवेत तरंगते, तेव्हा अर्धा तास थांबून हीटर लावा. भिंतीला एक वही टांगा आणि तीन रकाने आखा: तारीख, काय दिसलं, काय केलं. "कटआउट तुटला, जाळी साफ केली" अशा ओळी आठवड्याला दोनदा दिसू लागल्या की हीटरची जागाच बदलायला हवी.

मे-जूनच्या आधी

थर्मोस्टॅट थंडीत जातो, पण त्याची वाट उन्हाळ्यात लागलेली असते. मे-जूनच्या वावटळी उघड्या हीटरच्या पोटात बारीक माती भरतात, जुलै-ऑगस्टचा दमटपणा तिचा चिखल करतो आणि तो पॉइंटवर वाळून कडक होतो. म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी हीटर साफ करून, पूर्ण कोरडा करून, जाड प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसह तोंड बांधून ठेवा. थर्मोस्टॅटचं बटण सगळ्यात खाली आणा, म्हणजे पट्टीवर ताण राहत नाही.

नोव्हेंबरात बाहेर काढल्यावर आधी इलेक्ट्रिशियनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने कॉइल आणि बॉडी यांच्यातलं इन्सुलेशन मोजून घ्या. १ मेगओहमपेक्षा कमी असेल तर कॉइलने ओल धरली आहे. दोन-तीन दिवस उन्हात ठेवून पुन्हा मोजा, तरी वाढत नसेल तर तो हीटर मोडीत द्या. अर्थिंगची तार बॉडीला पक्की आहे ना, तेही त्याच वेळी.

नवा घ्यायचा ठरलं आणि ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात दुकानं पाहत असाल तर रंग-आकाराच्या आधी हीटर उलटा करून पाहा. थर्मोस्टॅटची डबी स्क्रूने उघडते की रिव्हेटने बंद केलेली आहे? रिव्हेटची असेल तर ती साफ करता येणार नाही. मागची जाळी हत्याराशिवाय निघते का? तारेवर १.५ चौरस मिमी आणि प्लगवर १६ अँपिअर छापलेलं आहे का? आडवा पडला तर आपोआप बंद होणारा स्विच आहे का? तो असेल तर त्याच्या खालच्या दांडीभोवतीची फट पाहा. मोठी असेल तर तिच्यात भुसा शिरून दांडी अडकते, म्हणून तीही महिन्यातून एकदा ब्रशने मोकळी करावी लागते.